मजकूर स्वतः रंगवलात, आता क्लिक कोण ओळखणार? डायरेक्टराइट, क्यूटी आणि पँगोचं परीक्षण

तयार लेबल वापरलं तर दुव्यावरचा क्लिक ओळखायचं काम ते लेबलच करतं. विंडोजचं सिसलिंक, विनफॉर्म्सचं लिंकलेबल, क्यूटीचं क्यूलेबल, जीटीकेचं जीटीकेलेबल ही सगळी त्यात तरबेज आहेत. विंडोत एखाददुसराच दुवा असेल तर यांच्यापलीकडे जायची गरज नाही. अडचण येते ती चॅटची विंडो, लॉग दाखवणारं टूल, शब्दकोश किंवा हिशेबाचा लांबलचक अहवाल यांसारख्या ठिकाणी. तिथे हजारो ओळी थेट कॅनव्हासवर रंगवलेल्या असतात. वाचणाऱ्याला अक्षरं दिसतात, ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी मात्र ते नुसते रंगलेले पिक्सेल. ती एवढंच कळवते की अमुक एक्स, अमुक वाय या जागी माउसचं बटण दाबलं. त्या जागी कुठला शब्द होता, हे शोधणं ॲपच्या गळ्यात पडतं.

या कामासाठी हाताशी असलेल्या तीन लायब्ररी इथे पारखल्या आहेत: विंडोजवरचं डायरेक्टराइट, सगळीकडे चालणारं क्यूटी आणि लिनक्सवर जीटीकेच्या जोडीनं येणारं पँगो. जाता जाता विंडोजचं जुनं जीडीआय प्लस आणि जावाही. कसोटी मराठी मजकुराची लावली आहे, कारण इंग्रजीत जी चूक वर्षभर झाकून राहते ती देवनागरीत पहिल्याच ओळीत उघडी पडते.

निकाल आधीच सांगून टाकू. फक्त विंडोजसाठी लिहीत असाल तर डायरेक्टराइटला तोड नाही. एकाच कोडवर तिन्ही प्लॅटफॉर्म हवे असतील तर क्यूटी, पण त्यातला योग्य दरवाजा निवडावा लागतो. पँगो उत्तर अचूक देतं, फक्त प्रश्न त्याच्या मापात विचारावा लागतो. जीडीआय प्लस जुनं ॲप जगवण्यापुरतं.

हातानं मोजायची पद्धत का फसते

बहुतेक ॲपमध्ये पहिला प्रयत्न असा असतो: दुव्याच्या आधीचा मजकूर मोजायचा, मग दुव्याचा मजकूर मोजायचा, दोन रुंदींमधून एक चौकोन काढायचा आणि क्लिक त्या चौकोनात आला का बघायचं. एक ओळ, एक फाँट, रोमन लिपी एवढ्यात हे चालून जातं. ओळ मोडली की दुवा दोन ओळींत विभागला जातो आणि एका चौकोनात मावत नाही.

देवनागरीत त्याहून मूलभूत घोटाळा आहे. ‘क्षत्रिय’ हा शब्द घ्या. त्यात कोड पॉइंट, म्हणजे युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक असलेली चिन्हं, आठ: क, हलन्त, ष, त, हलन्त, र, ऱ्हस्व वेलांटी, य. पडद्यावर दिसणारे गट तीनच: क्ष, त्रि, य. क, हलन्त आणि ष यांच्या रुंदी वेगवेगळ्या मोजून बेरीज केली तर ती क्षच्या रुंदीशी जुळण्याचं कारणच नाही, कारण फाँटमध्ये क्ष ही स्वतंत्र आकृती आहे. त्रिमध्ये तर वेलांटी साठवणीत शेवटी आणि चित्रात सगळ्यात आधी. ‘कीर्ती’मधला रफार साठवणीत तच्या आधी येतो, पण दिसतो तीच्या डोक्यावर. ‘दुसऱ्या’मध्ये नुक्त्याचा ऱ, हलन्त, य आणि काना मिळून एकच गट होतो. म्हणजे अक्षराचा क्रमांक वाढला की एक्स वाढतो, हे गृहीतकच इथे मोडीत निघतं. अक्षर अक्षर मोजत जाणारा कोड मराठी ओळीत दोन-तीन शब्दांतच भरकटतो, आणि ओळ जितकी लांब तितका फरक साठत जातो. दुव्याचा उजवीकडचा शब्द दाबला तरी दुवा उघडतो आणि दुव्याचं पहिलं अक्षर दाबलं तर काहीच होत नाही, असं दिसलं की समजावं हाच रोग आहे.

दुसरं कारण मोजणारा एक आणि रंगवणारा दुसरा हे. विनफॉर्म्समध्ये टेक्स्टरेंडरर हे जीडीआयवर चालतं आणि ग्राफिक्सचं ड्रॉस्ट्रिंग हे जीडीआय प्लसवर. एकानं मोजून दुसऱ्यानं रंगवलं तर चौकोन सरकणारच. दोघंही आपापल्या परीनं कडेला थोडी जागा सोडतात, तीही वेगवेगळी.

तिसरा मार्ग हुशारीचा वाटतो पण नसतो: मजकुराचा पाथ (अक्षरांची बाह्यरेषा) बनवायचा आणि बिंदू पाथच्या आत आहे का विचारायचं. यात शाई असेल तिथेच क्लिक लागतो. ठ, व, ब यांच्या पोकळीत टिचकी मारली की ‘इथे काही नाही’ असं उत्तर येतं. शब्दांमधल्या मोकळ्या जागेचीही तीच गत. लोगो किंवा मोठं मथळ्याचं चित्र असेल तर ठीक, दुव्यासाठी हा मार्ग सोडून द्यावा.

म्हणून कुठल्याही लायब्ररीला पहिला प्रश्न हाच: मजकूर ज्या ऑब्जेक्टनं रंगवला, त्याच ऑब्जेक्टला ‘या बिंदूवर काय आहे’ असं विचारता येतं का? आणि दुसरा: बिंदू मजकुराबाहेर असेल तर ते स्पष्ट सांगतं का, की जवळचं अक्षर देऊन मोकळं होतं?

डायरेक्टराइट

विंडोज ७ बरोबर आलेली ही लायब्ररी दोन्ही प्रश्नांना सरळ उत्तर देते. क्रिएटटेक्स्टलेआउटला मजकूर, त्याची लांबी, टेक्स्टफॉरमॅट, कमाल रुंदी आणि कमाल उंची दिली की लेआउट तयार होतो. ओळी मोडणं, फाँटची पर्यायी निवड, जोडाक्षरं, डावी-उजवी बाजू सगळं त्यात ठरतं. दुव्याच्या रेंजवर (मजकुरातला त्याचा सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा पट्टा) सेटअंडरलाइन आणि रंगासाठी सेटड्रॉइंगइफेक्टला ब्रश द्यायचा. डायरेक्ट२डीचं ड्रॉटेक्स्टलेआउट त्या रंगाचा मान ठेवतं. रंगवताना जो आरंभबिंदू दिला तो जपून ठेवायचा.

क्लिक आला की त्यातून आरंभबिंदू वजा करून हिटटेस्टपॉइंटला द्यायचा. परत येतात तीन गोष्टी: टिचकी गटाच्या मागच्या अर्ध्यात होती का, मजकुराच्या आत होती का, आणि एक मेट्रिक्स स्ट्रक्चर. त्यात टेक्स्टपोझिशन, लेंग्थ, डावी कड, वरची कड, रुंदी, उंची, बायडाय पातळी (लिहिण्याची दिशा), आणि तिथे खराखुरा मजकूर आहे का व तो छाटला गेलाय का हे सांगणारे दोन ध्वज असतात. दुव्यासाठी फक्त टेक्स्टपोझिशन दुव्याच्या सुरुवातीइतकी किंवा जास्त आणि शेवटापेक्षा कमी आहे का पाहायचं.

देवनागरीसाठी इथली खरी चैन म्हणजे लेंग्थ. ‘क्षत्रिय’च्या क्षवर कुठेही टिचकी मारली तरी पोझिशन ० आणि लेंग्थ ३ येते. त्रिवर पोझिशन ३, लेंग्थ ४. यवर ७ आणि १. वेलांटीच्या डाव्या दांडीवर मारली काय आणि रच्या तिरक्या रेघेवर मारली काय, गट एकच. शब्दकोशात ‘टिचकी मारा, अर्थ बघा’ अशी सोय करायची असेल तर ही पोझिशन घेऊन मागेपुढे जागा किंवा विरामचिन्ह सापडेपर्यंत सरकायचं, शब्द हाती येतो.

चूक होते ती ‘आत आहे का’ या ध्वजाकडे दुर्लक्ष केल्यानं. बिंदू बाहेर असला तरी लायब्ररी सगळ्यात जवळची पोझिशन देतेच, आणि ते बरोबरही आहे, कारण लिहिण्याच्या चौकटीत कर्सर ठेवायला तेच लागतं. पण परिच्छेदाच्या शेवटी दुवा असेल आणि ध्वज तपासला नसेल तर त्याच्या उजवीकडच्या सगळ्या कोऱ्या जागेत कुठेही टिचकी मारली की ब्राउझर उघडतो. ‘कधी कधी आपोआप पान उघडतं’ ही तक्रार आली की आधी हाच ध्वज बघावा.

मागच्या अर्ध्याचा ध्वज दुव्यांसाठी विसरून जायचा. तो कर्सर ठेवण्यासाठी आहे: मागचा अर्धा असेल तर पोझिशनमध्ये लेंग्थ मिळवायची. एक मिळवायचा नाही, लेंग्थ मिळवायची. एक मिळवला की कर्सर क आणि हलन्ताच्या मध्ये जाऊन बसतो आणि पुढचं बॅकस्पेस जोडाक्षर फोडतं.

दुव्यावर माउस आल्यावर मागे फिकट रंग द्यायचा असेल तर हिटटेस्टटेक्स्टरेंज वापरायचं. दुवा दोन ओळींत मोडला असेल तर ते दोन चौकोन देतं. ॲरे लहान पडला तर अपुऱ्या बफरची एरर येते आणि किती लागतील तो आकडा हाती पडतो, तेवढी जागा घेऊन पुन्हा बोलवायचं. हेच चौकोन इनव्हॅलिडेट करायला (एवढाच भाग पुन्हा रंगवा असं कळवायला) वापरले तर आख्खी विंडो पुन्हा रंगवावी लागत नाही. ओळ टिंबं देऊन छाटली असेल तर छाटल्याचा ध्वज पाहून ‘पूर्ण मजकूर दाखवा’ अशी सोयही सहज होते.

आता खाचखळगे. पहिला डीपीआयचा (स्क्रीनवर इंचामागे किती ठिपके). डायरेक्ट२डी ९६ डीपीआयच्या मापात बोलतं आणि माउसचा मेसेज खऱ्या पिक्सेलमध्ये येतो. स्क्रीन १५० टक्क्यांवर, म्हणजे १४४ डीपीआयवर असेल तर माउसचा ३०० म्हणजे लेआउटचा २००. बिंदूला ९६ नं गुणून विंडोच्या डीपीआयनं भागायचं. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून हा आकडा गेटडीपीआयफॉरविंडो देतं. लॅपटॉपवर सगळं बरोबर आणि बाहेरच्या मॉनिटरवर नेलं की क्लिक उजवीकडे-खाली घसरतो, असं झालं तर कारण बहुधा हेच: डीपीआय सुरुवातीला एकदाच वाचून ठेवलेला असतो आणि डीपीआय बदलल्याचा मेसेज हाताळलेला नसतो.

दुसरा ब्रशचा. लेआउट ग्राफिक्स कार्डावर अवलंबून नसतो, त्यामुळे तो जपून ठेवणं योग्यच. पण सेटड्रॉइंगइफेक्टनं आत ठेवलेला ब्रश रेंडर टार्गेटचा, म्हणजे ज्यावर चित्र रंगतं त्या पृष्ठभागाचा असतो. रंगवून झाल्यावर एंडड्रॉनं ‘टार्गेट पुन्हा बनवा’ असं सांगितलं की लेआउट तसाच ठेवून आतले ब्रश मात्र नव्यानं द्यावे लागतात. हे विसरलं तर ॲप सहसा ड्रायव्हर अपडेट झाल्यावर किंवा रिमोट डेस्कटॉपवरून जोडल्यावर बिघडतं, आणि नेमकं डेव्हलपरच्या मशिनवर कधीच नाही.

तिसरा क्षुल्लक पण चिवट: माउसच्या मेसेजसोबत येणाऱ्या एलपॅरममधून एक्स काढताना लोवर्ड वापरायचं नाही, अधिक-उणे चिन्हासह एक्स देणारा मॅक्रो वापरायचा. माउस पकडून विंडोच्या डावीकडे ओढला की उणे पाच हा आकडा लोवर्डमधून ६५५३१ होऊन येतो. हाताचा कर्सरही मूव्हच्या मेसेजमध्ये न बदलता सेटकर्सरच्या मेसेजमध्ये बदलायचा. नाहीतर विंडोच्या क्लासला नेमलेला बाण आणि आपला हात यांची चढाओढ लागून कर्सर लुकलुकतो.

सी प्लस प्लस सोडून कुणाला सी शार्पमधून हे हवं असेल तर विन२डीचं कॅनव्हासटेक्स्टलेआउट हेच सगळं सोप्या वेष्टनात देतं. त्यातलं हिटटेस्ट आत-बाहेरचं उत्तर थेट परतीच्या किमतीतच देतं, त्यामुळे वरची ध्वजाची चूक करायला वाव कमी.

क्यूटी

क्यूटीत एकाच कामाला चार दरवाजे आहेत आणि त्यातले दोन भिंतीवर उघडतात. क्यूपेंटरचं ड्रॉटेक्स्ट रंगवून मोकळं होतं, बिंदूबद्दल काही सांगत नाही. क्यूस्टॅटिकटेक्स्ट वेगवान आहे, पण त्यातही हिट टेस्ट (बिंदूवरून अक्षर ओळखणं) नाही. उरतात क्यूटेक्स्टडॉक्युमेंट आणि क्यूटेक्स्टलेआउट.

डॉक्युमेंटचा मार्ग सोपा. एचटीएमएल द्या, टेक्स्टविड्थ ठरवा, पेंटर सरकवून ड्रॉकंटेंट्सनं रंगवा. क्लिक आला की तेवढंच उलटं सरकवून डॉक्युमेंटलेआउटच्या अँकरॲटला बिंदू द्या. दुव्यावर असेल तर पत्ता येतो, नसेल तर रिकामी स्ट्रिंग. आत ते एक्झॅक्टहिटनं तपासतं, म्हणून कोऱ्या जागेतला क्लिक दुव्याला चिकटत नाही. दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या: डॉक्युमेंट विजेटचा फाँट आपणहून उचलत नाही, तो डिफॉल्टफाँट म्हणून द्यावा लागतो, आणि त्याला स्वतःची ४ पिक्सेलची कड असते, शेजारच्या साध्या मजकुराशी ओळ जुळवायची तर ती शून्य करावी लागते. दोष एकच पण मोठा, तो म्हणजे वजन. हजार ओळींच्या यादीत प्रत्येक ओळ रंगवताना नवा डॉक्युमेंट बनवला तर स्क्रोल करताना ॲप धापा टाकतं. बनवलेले डॉक्युमेंट साठवून ठेवा किंवा खालच्या मार्गानं जा.

क्यूटेक्स्टलेआउट हलकं आहे, पण बरंच काम आपल्यावर टाकतं. बिगिनलेआउट, मग क्रिएटलाइन संपेपर्यंत प्रत्येक ओळीला सेटलाइनविड्थ आणि सेटपोझिशन, वायमध्ये ओळीची उंची मिळवत जायचं, शेवटी एंडलेआउट. दुव्यांचा रंग आणि अधोरेखा सेटफॉरमॅट्समधून. मजकुरातली साधी नवओळ इथे ओळ मोडत नाही. तिच्या जागी लाइनसेपरेटर हे चिन्ह घालावं लागतं.

क्लिक शोधताना आधी ओळ शोधायची, मग अक्षर. ओळ शोधायला लाइनचं रेक्ट वापरलं तर सेटलाइनविड्थनं दिलेली पूर्ण रुंदी मिळते आणि उजवीकडची कोरी जागाही ‘आत’ धरली जाते. नॅचरलटेक्स्टरेक्ट वापरायचं, ते मजकूर जिथे संपतो तिथे संपतं. मग एक्सटूकर्सर. इथेच क्यूटीतला सगळ्यात फसवा खड्डा आहे. या फंक्शनचा दुसरा पॅरामीटर न दिल्यास ते ‘दोन अक्षरांमधली जागा’ देतं, अक्षर नाही. म्हणजे दुव्याच्या शेवटच्या अक्षराच्या उजव्या अर्ध्यावर टिचकी मारली की उत्तर दुव्याच्या पुढचं येतं आणि क्लिक वाया जातो. उलट दुव्याच्या आधीच्या जागेच्या उजव्या अर्ध्यावर मारली तर दुवा उघडतो. अर्ध्या अक्षराचा हा फरक इंग्रजी ‘आय’ या अक्षरावर कुणाच्या लक्षातही येत नाही. ‘ऱ्या’ किंवा ‘त्री’सारख्या रुंद गटावर मात्र स्पष्ट जाणवतो. दुसरा पॅरामीटर कर्सरऑनकॅरेक्टर द्या, प्रश्न मिटतो.

यादीत, म्हणजे क्यूस्टाइल्डआयटमडेलिगेटमध्ये, क्लिक एडिटरइव्हेंटमध्ये येतो. बिंदूतून ऑप्शनच्या रेक्टची वरची-डावी कड आणि आपण सोडलेली कड वजा करायची. मजकूर स्टाइलला रंगवू दिला तर ती आपल्या मनानं आडवी कड सोडते आणि हिशेब चुकतो, म्हणून रंगवणंही आपल्याच लेआउटनं. हाताचा कर्सर बदलत नसेल तर माउस ट्रॅकिंग बंद असणार. ते मुळात बंदच असतं आणि बटण दाबलेलं असतानाच मूव्ह इव्हेंट येतात. स्क्रोल होणाऱ्या विजेटमध्ये ते व्ह्यूपोर्टवर चालू करावं लागतं, विजेटवर करून भागत नाही.

पायथनवाल्यांसाठी एक सूचना. क्यूटी यूटीएफ-१६ च्या (मजकूर १६ बिटांच्या तुकड्यांत साठवायची पद्धत) घटकांत मोजतं आणि पायथन कोड पॉइंटमध्ये. देवनागरी दोन्हीकडे एकाला एक असल्यामुळे मराठी मजकुरावर सगळं जुळतं. ज्या दिवशी संदेशात इमोजी येतो त्या दिवसापासून पुढचे सगळे दुवे एकेका घटकानं सरकतात. एकेरी वाटणारा इमोजीसुद्धा क्यूटीच्या लेखी दोन घटक असतो.

पँगो

पँगोलेआउटशी बोलणं सगळ्यात थोडक्यात होतं. पँगोकैरोशोलेआउटनं रंगवा, एक्सवायटूइंडेक्सला विचारा. बिंदू मजकुराच्या आत असेल तर खरं, बाहेर असेल तर खोटं, आणि दोन्ही वेळा जवळचा इंडेक्स. ओळ शोधायची कटकट नाही.

मापं मात्र त्याची स्वतःची आहेत. एक पिक्सेल म्हणजे १०२४ पँगो एकक. २०० पिक्सेलचा एक्स २०४८०० म्हणून द्यावा लागतो. गुणायचं राहिलं तर बिंदू जेमतेम पाव पिक्सेलवर पडतो आणि कुठेही क्लिक केलं तरी पहिल्या ओळीतलं पहिलं अक्षरच सापडतं. हे लक्षण ओळखायला सोपं, म्हणून ही चूक टिकत नाही.

टिकते ती दुसरी. इंडेक्स अक्षरांत नसतो, यूटीएफ-८ च्या बाइटमध्ये असतो, आणि देवनागरीच्या प्रत्येक कोड पॉइंटला तीन बाइट लागतात. ‘क्षत्रिय’ आठ कोड पॉइंटचा पण २४ बाइटचा. दुव्याची सुरुवात अक्षरांत साठवून ठेवली आणि पँगोच्या इंडेक्सशी ताडून पाहिली तर इंग्रजी चाचणीत सगळं हिरवं आणि मराठीत सगळं लाल. दुव्यांच्या सीमा पहिल्यापासून बाइटमध्येच साठवायच्या. पायथनमधून वापरत असाल तर सीमेच्या आधीचा तुकडा यूटीएफ-८ मध्ये बदलून त्याची लांबी घ्यायची.

मार्कअप वापरलं तर इंडेक्स टॅग काढून उरलेल्या मजकुरावर मोजला जातो, आपण दिलेल्या स्ट्रिंगवर नाही. शिवाय दुव्याचा टॅग पँगोला मुळात कळत नाही. तो जीटीकेलेबलनं स्वतः समजून घेतलेला टॅग आहे, थेट पँगोला दिला की एरर येते. रंग आणि अधोरेखा स्पॅननं द्या आणि सीमांची यादी वेगळी ठेवा.

जीटीके ३ मध्ये ड्रॉइंगएरियावर क्लिकच येत नाही असं वाटलं तर बटणाच्या इव्हेंटचा मास्क लावलेला नसतो. जीटीके ४ मध्ये जेश्चरक्लिक जोडलं की हा प्रश्न उरत नाही.

जोडाक्षराच्या आत कर्सर कुठे थांबावा, याबद्दल युनिकोडचा नियम २०२३ च्या १५.१ आवृत्तीत बदलला. आधी क् आणि ष हे दोन वेगळे अक्षरगट धरले जायचे, आता क्ष एकच. जुन्या नियमावर चालणारी लायब्ररी क्षच्या मधोमध सीमा मानू शकते. दुव्यांना याची झळ बसत नाही, कारण दुवा जोडाक्षराच्या मध्येच सुरू होत नाही. अक्षर-अक्षर निवडायची सोय देणाऱ्यांनी मात्र लायब्ररीची आवृत्ती पाहून घ्यावी.

जीडीआय प्लस आणि जावा, थोडक्यात

जुनं विनफॉर्म्स ॲप मोडायचं नसेल तर मेझरकॅरेक्टररेंजेस हाच त्यातल्या त्यात शहाणा मार्ग. स्ट्रिंगफॉरमॅटमध्ये दुव्यांच्या रेंज भरायच्या, तोच चौकोन, तोच फाँट, तोच फॉरमॅट देऊन रीजन (दुव्यांनी व्यापलेले भाग) मिळवायचे आणि इजव्हिजिबलनं बिंदू तपासायचा. मोडलेली ओळही रीजन सांभाळून घेतो. मर्यादा: एका वेळी ३२ रेंज, त्यापुढे एक्सेप्शन. रीजन डिस्पोज करायला विसरलं तर जीडीआय प्लसची मेमरी हळूहळू फुगते.

जावाच्या टेक्स्टलेआउटमधलं हिटटेस्टचार नेहमी काहीतरी उत्तर देतं, बाहेरच्या बिंदूलासुद्धा. म्हणून दुव्याच्या रेंजचा लॉजिकलहायलाइटशेप काढून त्यात बिंदू आहे का हे पाहणंच बरं. इथला वाय शून्य बेसलाइनवर असतो, वरच्या कडेला नाही, हे विसरलं की एक ओळ वर मारलेला क्लिक लागतो. इन्सर्शनइंडेक्स कर्सरसाठी, चारइंडेक्स अक्षरासाठी. रिकामी स्ट्रिंग दिली तर कन्स्ट्रक्टरच एक्सेप्शन फेकतो, तेव्हा कोऱ्या ओळी आधी बाजूला काढाव्यात.

कुठलीही लायब्ररी घेतली तरी आपल्यालाच करावं लागणारं

बटण दाबलं म्हणजे क्लिक झाला असं नाही. दाबताना कुठला दुवा होता ते लक्षात ठेवायचं, सोडताना तोच असेल तरच उघडायचं. मध्ये माउस ओढला गेला असेल तर ते निवडणं धरायचं. त्याची मर्यादा मनानं ठरवू नये: क्यूटीत स्टार्टड्रॅगडिस्टन्स आहे, ते मुळात १० पिक्सेल असतं, विंडोजमध्ये सिस्टिम मेट्रिक्समधून ड्रॅगची रुंदी-उंची मिळते.

स्क्रोल केलेलं अंतर बिंदूत मिळवायचा, पण एकदाच. रंगवताना एका ठिकाणी आणि क्लिक तपासताना दुसऱ्या ठिकाणी तो हिशेब लिहिला की कधीतरी एकच बदलला जातो. कॅनव्हासच्या बिंदूचं मजकुराच्या बिंदूत रूपांतर करणारं एकच फंक्शन ठेवावं आणि दोन्हीकडून तेच बोलवावं.

माउस हलताना दर मूव्हला हिट टेस्ट करायला हरकत नाही, ती स्वस्त असते. महाग असतं ते लेआउट बनवणं. दर मूव्हला नवा लेआउट बनवणारा कोड पंखा फिरवून दाखवतो. मजकूर, रुंदी, फाँट किंवा डीपीआय यांपैकी काही बदललं तरच लेआउट टाकून द्यायचा.

चाचणीसाठी एकच ओळ पुरेशी आहे: ‘दुसऱ्या क्षत्रियाची कीर्ती 😀 इथे वाचा’. ‘इथे वाचा’ हा दुवा, आणि विंडो अरुंद करून तो ‘इथे’नंतर मोडायचा. पहिल्या अक्षराचा डावा अर्धा, शेवटच्या अक्षराचा उजवा अर्धा, दुव्याच्या उजवीकडची कोरी जागा आणि दुसऱ्या ओळीतला ‘वाचा’ अशा चार ठिकाणी टिचकी मारायची. मग विंडो वेगळ्या डीपीआयच्या स्क्रीनवर नेऊन तेच पुन्हा. वर सांगितलेल्या बहुतेक चुका एवढ्यात बाहेर येतात.

या तिन्ही लायब्ररींचा सामाईक उणेपणा एकच आहे. रंगवलेला मजकूर एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरला दिसत नाही आणि टॅबनं त्याच्यावर जाता येत नाही. डायरेक्टराइट वापरलं तर यूआय ऑटोमेशनचा (स्क्रीन रीडरला माहिती पुरवायची विंडोजची सोय) प्रोव्हायडर स्वतः लिहावा लागतो, क्यूटीत क्यूॲक्सेसिबलइंटरफेसचा वारस बनवावा लागतो. दोन्हीकडे दुव्याची जागा कळवायला पुन्हा तेच रेंजवरून मिळणारे चौकोन उपयोगी पडतात, फक्त ते स्क्रीनच्या मापात बदलून द्यायचे. टॅब आणि एंटरची सोय त्यामानानं सोपी: दुव्यांची यादी आधीच हाताशी असते, चालू दुव्याचा क्रमांक ठेवायचा आणि त्याच्याभोवती फोकसची चौकट काढायची. कामाचा अंदाज देताना हा भाग सुरुवातीलाच धरावा. क्लिक ओळखण्यापेक्षा याला जास्त वेळ लागतो.